विमलबाईंचं एक्सचेंज

विमलबाईंच्या फाटकाची कडी वाजवली की आतून प्रश्न येतो, "कोण बोलतंय?"

आपण काहीच बोललेलो नसतो. नुसती कडी वाजवलेली असते. शिवाय बाई समोरच, ओसरीत उभ्या राहून आपल्याकडे बघत असतात. मधे एवढंसं अंगण. तरी प्रश्न तोच, आणि तोही इतक्या शुद्ध, घोटीव मराठीत की वरवट बकाल गावातल्या त्या गल्लीत उभा असलेला माणूस चुकून मागे वळून बघतो. नाव सांगितलं की दुसरा प्रश्न, "कोणाशी बोलायचंय?" घरात बाई एकट्या राहतात. तरीही सांगावं लागतं, "तुमच्याशीच." मग "होल्ड करा" म्हणून त्या आत जातात, चष्मा पुसून परत येतात आणि पहिल्यांदाच आपल्या गावच्या माणसासारखं बोलतात, "हां, बोल. काय काम काढलं?"

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन्ही घरांमधली भिंत एकच आणि माझं मेडिकल स्टोअर पुढच्याच खोलीत, त्यामुळे हा संवाद मी दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या कापता कापता ऐकत असतो. सुरुवातीला हसू यायचं. मग चीड यायला लागली. आता फाटक वाजलं की बाईंच्या आधी मीच मनातल्या मनात विचारतो, कोण बोलतंय.

बाई शेगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचा जमाना. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. याची वायर त्याच्या भोकात घालायची आणि दोन माणसं जोडून द्यायची. पुढे तो बोर्ड गेला, नंबर आपोआप लागायला लागले, बाईंना बिलांच्या टेबलावर बसवलं, आणि तिथूनच रिटायर होऊन त्या वरवटला वडिलांच्या घरी आल्या. लग्न केलं नाही. का, ते विचारायची गावात कोणाची छाती नाही. नोकरी सुटली, पण तो टेलिफोनचा आवाज सुटला नाही. तो एक आणि वरवटचा एक असे दोन आवाज त्या बाळगून आहेत, आणि कुठे कुठला काढायचा ते त्यांनाच ठाऊक.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

घराच्या मागच्या खोलीत, जिथे एके काळी कापूस भरून ठेवत, तिथे बाईंचं स्वतःचं एक्सचेंज आहे. टेलिफोनचं नाही, ईमेलचं. तुमची-आमची ईमेल कुठल्यातरी बड्या कंपनीच्या लांबच्या गोदामात जाऊन पडते आणि तिथून आपण ती मोबाइलवर बघतो. बाईंची तशी पडत नाही. ती थेट वरवटला येते, त्या खोलीत, एका जुन्या काळ्या कॉम्प्युटरमध्ये. त्याच्या डोक्यावर टेबलफॅन आणि पायाशी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. पुण्याच्या भाच्याने एका दिवाळीत गंमत म्हणून हे सगळं बसवून दिलं. भाचा गंमत करून निघून गेला. बाईंना मात्र आपला बोर्ड परत मिळाला. गल्लीत ज्याला हवा त्याला त्यांनी पत्ता काढून दिला. माझ्या दुकानाचा पत्ता तिथलाच, समोरच्या काळे गुरुजींचाही तिथलाच. पैसे नाहीत, फक्त नियम पाळायचा.

नियम एकच आहे, पण तो आधी समजून घ्यावा लागेल. अनोळखी माणसाचं पत्र आलं की बाईंचं मशीन त्याला दारातूनच सांगतं, थोड्या वेळानं या. सरळ माणसाचं पत्र थोड्या वेळाने पुन्हा येतं. लॉटरीवाल्यांना, भामट्यांना एवढा धीर नसतो. ते बहुतेक पुढच्या दाराकडे पळतात. पण आपल्यापैकी कोणी एखाद्याला एकदा जरी पत्र लिहिलं, तर मशीन त्याचं नाव आपणहून ओळखीच्यांत घालून टाकतं. मग त्याला थांबणं नाही की विचारणं नाही, थेट आत. आणि ज्याला वर्षभर कोणीच काही लिहिलं नाही त्याची ओळख आपोआप मोडते. तो पुन्हा परका.

"आपून पयले बोललो तं तो वळखीचा," बाई सांगतात. "तो किती का बोलंना, आपून बोललो काय, हे पाहाचं."

हाताने नाव घालायचीही सोय आहे. भाच्याने ती दाखवली होती. बाई तिला वशिला म्हणतात आणि तिच्या वाटेला जात नाहीत. एकदा तालुक्यातले एक पुढारी दोन कार्यकर्ते घेऊन आले. त्यांच्या कार्यक्रमांची निमंत्रणं म्हणे वरवटला उशिरा पोचतात, तेवढं नाव आत घालून घ्या.

"आमच्यातल्या कोनी तुमाले लिवलं हाय काय?" बाईंनी विचारलं.

पुढाऱ्यांनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. कार्यकर्त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या खोकल्याच्या औषधाच्या खोक्याकडे पाहिलं.

"नाई ना? मंग तुमचं पत्र थांबन थोडं. आमच्या दारात सगळेच थांबतात." चहा मात्र आलं घालून चांगला दिला.

हेच मशीन बाईंनी घरालाही बसवलेलं आहे. अनोळखी माणूस फाटकावर आला की, थोड्या वेळानं या. सोलर पंपवाले, विमावाले, चमत्कारी अंगठ्या विकणारे परत येत नाहीत. मीटर वाचायला आलेला नवा माणूस मात्र पुन्हा पुन्हा आला, कारण बिचाऱ्याची ती नोकरीच होती. शेवटी बाईंनी त्याला आत घेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली.

मी या घरात राहायला आलो त्या संध्याकाळी बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर येईनात. "मी विमल इंगळे, बाजूची. एक वेळा बोलून ठेवते. आता तू कवाबी ये." एवढं बोलून गेल्या. माझी बायको म्हणाली, काय बाई आहे. आपलं नाव ओळखीच्यांत पडलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दरवर्षी पोळा झाला की बाई अख्ख्या गल्लीतून एक फेरी मारतात आणि घरोघरी एकेक वाक्य टाकून येतात. "कसं काय? बरं हाय ना? हाव. येते." कोणाशी भांडण झालेलं असो, कोणाचं तोंड बघणं बंद असो, फेरीत घर चुकत नाही. वर्ष उलटू देऊ नये, म्हणतात.

मला हे सगळं चाललं असतं. पण त्या एक्सचेंजपायी बाईंच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही आणि त्यांच्यापायी मलाही नाही. अर्धा कप चहा टाकून त्या उठतात, कारण आत फॅनचा आवाज बदलला. मला तो आवाज ऐकूही येत नाही. वीज गेली की त्या पळतात, आली की पळतात. इन्व्हर्टर टुणटुण करायला लागला की भिंतीपलीकडे माझी बायको अंथरुणात उठून बसते. दार बंद दिसलं तर पत्र घेऊन आलेलं मशीन काही दिवस खेटे घालतं आणि मग कायमचं परत जातं, असं बाईंनी मला समजावून सांगितलं आहे. म्हणून दार बंद दिसता कामा नये. लग्नाला गेल्या तर पहिली पंगत उठायच्या आत परत. लोणारला सख्खी मावसबहीण आहे. तिच्या नातवाच्या लग्नाला गेल्याच नाहीत, कारण मुक्काम पडला असता.

"एक्सचेंजले कोन पाहीन?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

काळे गुरुजींचं प्रकरण इथेच सांगायला हवं. गुरुजी म्हणजे रिटायर झालेले मास्तर, आवाज मऊ, टोपी स्वच्छ. आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं, असं त्यांचं मत. बाईंनी त्यांना पत्ता दिला आणि काही दिवसांतच, थोड्या वेळाने परत येण्याइतका चिवट असा एक भामटा त्यांच्यापर्यंत पोचला. परदेशातल्या कोणा विधवेचा खजिना बँकेत अडकला होता आणि तो सोडवायला तिला गुरुजी हवे होते. गुरुजींनी उत्तर लिहिलं, "आपले कृपापत्र पावले. आपल्या यजमानांविषयी वाचून वाईट वाटले. आमच्याकडून काही होण्याजोगे नाही, क्षमस्व. प्रकृतीस जपावे."

झालं. गुरुजी बोलले, म्हणजे विधवा ओळखीची. तिच्या पाठोपाठ आणखी आले. गुरुजी प्रत्येकाला क्षमस्व लिहीत गेले आणि प्रत्येक जण थेट आत येत गेला. त्यात एकाच्या ओळखीचा तो सगळ्यांच्या ओळखीचा, असा एक्सचेंजचा हिशेब. माझ्या दुकानाच्या पत्त्यावर औषधांच्या दरपत्रकाऐवजी लॉटऱ्यांचा ढीग येऊन पडायला लागला. बाई गुरुजींच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, तुमी त्या बाईले काऊन लिवलं?"

"तिचा नवरा गेला ना, बाई."

"नवरा गेला नाई. नवरा नोहताच. बाई बी नोहती."

गुरुजी विचारात पडले. "मंग पत्र कोनं लिवलं?"

"चोरानं लिवलं."

"बरं, चोरानं तं चोरानं," गुरुजी म्हणाले, "पन उत्तर तं द्या लागते ना."

बाई कित्येक दिवस ते तण निंदत बसल्या होत्या. तेव्हापासून हुकूम असा की अनोळख्याला उत्तर द्यायचं तर आधी विचारायचं. गुरुजी आज्ञाधारक. अजूनही फाटकाबाहेर उभे राहून, मोबाइल छातीशी धरून विचारतात, "बाई, याले उत्तर देऊ काय?" आतून एकच शब्द येतो, "नाई." गुरुजी मान हलवून परत जातात. ते परत जाताना त्या न लिहिलेल्या उत्तराचं त्यांना खरोखर वाईट वाटत असतं, हे चालण्यावरून कळतं.

गेल्या हिवाळ्यात मी बाईंच्या बीपीच्या गोळ्या द्यायला गेलो. मला कडी वाजवावी लागत नाही. ओसरीत बाई अगदी पुढ्यात उभ्या होत्या.

"कोण बोलतंय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुन्हा विचारलं, आणि हात पुढे करून माझी बाही चाचपली. इतकी वर्षं जिची टिंगल केली ती सवय आता सवय राहिली नव्हती. बाईंना मी दिसत नव्हतो.

शेगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि उजवा तर पार पिकलेला. अकोल्याला जाऊन ऑपरेशन करून घ्या, पुढचे काही दिवस तिथेच तपासणीला राहा, आणि उशीर करू नका, नाहीतर नजर परत येईलच असं सांगता येणार नाही.

"एक्सचेंजले कोन पाहीन?" बाई म्हणाल्या.

मी दुकानदार माणूस. गिऱ्हाइकाने अर्धी पट्टी परत आणली तरी हसून घेतो. पण तेव्हा डॉक्टरांसमोरच माझा आवाज चढला. परतीच्या एसटीत आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या बाकांवर बसून आलो.

त्यानंतरच्या गुरुवारी बाईंनी मला मागच्या खोलीत बोलावलं. असं त्या कधी करत नसत. "सुधाकर, वाच बरं काय आलं ते. मले अक्षर हालते दिसून राह्यलं."

मी वाचलं. आपलं पत्र पोचवता आलं नाही. असा पत्ता तिकडे नाही.

"हे कोण पाठवतं?"

"आपलंच मशीन. पत्र पोचलं नाई तं तेच येऊन सांगते. त्याले कोनी उत्तर देल्लं तं ते माह्याकडंच येते. एक्सचेंज म्हंजे मीच ना."

मी आणखी खाली गेलो. मागच्या गुरुवारी तेच. त्याच्या मागच्या गुरुवारी तेच. पत्ता एकच, नलिनी नावाच्या कोणाचा. "बाई, हा पत्ता बंद झालेला दिसतो. तुम्ही पाठवताय ते सगळं परत येतंय."

"हाव. मले माहीत हाय."

मग त्यांनी फॅनकडे तोंड करून सांगितलं. शेगावचा ट्रंक कॉल अकोल्यावरून जायचा. अकोल्याच्या बोर्डावर नलिनी असायची. एकमेकींना त्या गावाच्या नावाने हाक मारत, "बोल, अकोला," "बोल, शेगाव." गुरुवारी दर्शनाला शेगावात गर्दी उसळायची, लाइन तुंबायची, आणि नंबर लागेपर्यंत दोघींचं बोलणं चालायचं. आज काय केलंस, भाकरी काऊन चिरते, भावजय काय बोलली. एकदा मुंबईचा भाव ऐकायला ताटकळलेल्या कापसाच्या व्यापाऱ्याने मधेच सांगितलं होतं, पीठ गरम पाण्यात मळा म्हणून. शेगाव-अकोला गाडीने किती अंतर आहे? पण हिची सुटी तेव्हा तिची ड्युटी. पुढल्या महिन्यात भेटू, पुढल्या महिन्यात भेटू, असं करता करता बोर्डच गेला आणि आवाजही गेला. बाईंनी नलिनीला कधी पाहिलं नाही.

भाच्याने हे मशीन बसवल्यावर बाईंनी जुन्या नोकरीतल्या लोकांना विचारत विचारत तिचा ईमेलचा पत्ता मिळवला आणि पहिलं पत्र तिलाच लिहिलं. उत्तर आलं, "शेगाव, इतका वेळ होल्डवर ठेवतात का माणसाला?" मग काही वर्षं रोज पत्र. आणि मग एक दिवस, "मुलाकडे चालले आहे. तिकडे जागा लागली की लिहीन. पत्ता हाच राहील." त्यानंतर काही नाही. कोणत्या गावी, तेही नाही.

"मग पाठवता कशाला?" मी विचारलं.

"पाठवलं का नाव वळखीच्यात राह्यते. पोचलं का नाई, ते मशीन पाहत नाई. आपून बोललो काय, एवढंच पाह्यते." बाईंनी पदराने कॉम्प्युटरवरची धूळ पुसली. "पत्ता हाच राहीन म्हने. ज्या दिवशी लिवन त्या दिवशी तिले दारात कोनी म्हनाले नोको, थोड्या वेळानं या."

मी म्हटलं, त्यासाठी वर्षातून एकदा पाठवलं तरी भागेल.

"हाव, भागते," बाई म्हणाल्या आणि पुन्हा धूळ पुसायला लागल्या.

मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चुकीचं बोलतो. "बाई, उद्या नलिनीबाई स्वतः फाटकात येऊन उभ्या राहिल्या, तर तुम्हाला दिसणार आहेत का त्या?"

"दिसाले कायले पाह्यजे? मी तिले कवा पाह्यलं? आवाज आयकला म्हंजे झालं."

मी दुकानात येऊन उगाच दोन गिऱ्हाइकांवर डाफरलो.

पुढच्या गुरुवारी दुकानात गर्दी होती म्हणून मी वाचायला गेलो नाही. बाईंनी आपल्या हाताने पत्र पाठवलं. दुपारी मी गेलो तेव्हा उत्तर आलेलं होतं. परत आलेलं पत्र नाही, उत्तर. "वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. "नमस्कार मॅडम. नलू कोण? आमच्याकडे युरिया उद्या येतो आहे. शेगावला किती बॅगा पाठवू?"

खामगावच्या खताच्या एका दुकानाचा पत्ता मशीनमध्ये नलिनीच्या नावाला लागून होता. बाईंना दिसलं नाही, बोट खालच्या नावावर पडलं, आणि 'नलू'ला लिहिलेलं, खाली 'शेगाव' अशी सही केलेलं पत्र तिकडे गेलं. मला हसू आवरेना. खूप वेळ मी एकटाच हसत होतो, मग थांबलो.

बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना असं बसलेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. फॅन घरघरत होता, त्याच्याकडेही लक्ष नव्हतं.

"म्हंजे या गुरवारी तिले गेलंच नाई," त्या म्हणाल्या. आणि खुर्चीवरून उठत, "अकोल्याची गाडी कवा हाय, रे?"

बाईंसोबत मी जायचं ठरलं, दुकान बायकोकडे. एक्सचेंज कोणाकडे, हा प्रश्न होता, आणि गावात दिवसभर घरी असणारा, बाईंचं ऐकणारा माणूस एकच होता. बाईंनी काळे गुरुजींना खोलीत उभं करून सगळं समजावलं. बॅटरीचं पाणी, फॅनची कळ, वीज गेली तर काय, आली तर काय. आणि गुरुवारी या पत्त्यावर एक ओळ. कशी आहेस, इकडे बरं आहे. "एकच ओळ, गुरुजी. ते वापस येईन, येऊ द्या. अन् कोनालेबी उत्तर नाई."

"नाई, नाई," गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला तेव्हाच शंका आली होती.

अकोल्यापर्यंत बाईंनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. एसटीत, शेगाव स्टेशनवर, गाडीत, फोन लाव गुरुजींना. फॅन चालू हाय काय. वीज हाय काय. गाडी मधे थांबली तर त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, जणू त्यांच्यामुळे सिग्नल पडणार होता. ऑपरेशन थोड्या वेळात झालं. वेळ लागला तो नंतर, बायकांच्या खोलीत, पट्टी बांधून बाईंना पलंगावर झोपवून ठेवण्यात. त्या झोपतच नव्हत्या. खोलीत दुसऱ्या बायका होत्या, त्यांच्या सोबतिणी होत्या, सगळ्यांचं बोलणं चालू. बाई कान देऊन ऐकत होत्या. पलीकडच्या पलंगावरच्या एका म्हाताऱ्या बाईने नर्सकडे पाणी मागितलं आणि विमलबाई ताडकन उठून बसल्या.

"कोण बोलतंय?"

तोच टेलिफोनचा आवाज.

"मी हाव, बाई. शांता. बार्शीटाकळीची," पलीकडून घाबरत उत्तर आलं. "काऊन?"

"काई नाई. होल्ड करा," म्हणून बाई पुन्हा आडव्या झाल्या.

इतकी वर्षं त्या फाटकावर कोणाचा आवाज शोधत होत्या ते मला तिथे कळलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. डोळे पुसायला मला स्वतःचा रुमाल सापडेना.

घरी परतलो तेव्हा बाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि त्या एसटीतून उतरल्यापासून माझ्यापुढे चालत होत्या. रस्त्यातल्या दोघांना त्यांनी आवाज ऐकायच्या आधीच नावाने हाक मारली. फाटकात गुरुजी उभे होते, टोपी हातात. ते नमस्कार म्हणाले तेव्हाच काहीतरी झालंय हे कळलं.

"फॅन?" बाईंनी विचारलं.

"चालू हाय."

"गुरवारचं?"

"पाठवलं," गुरुजी म्हणाले. मग म्हणाले, "एक ओळ बरी दिसंना, बाई. मंग थोडं वाढलं."

बाई तडक मागच्या खोलीत गेल्या. आम्ही दाराशी थांबलो. बाईंनी चष्मा वर केला आणि स्वतः वाचायला लागल्या. आधी गुरुजींनी नलिनीला पाठवलेलं पत्र. सविनय नमस्कारापासून सुरुवात, विमलबाईंच्या ऑपरेशनची हकिगत, यंदाच्या तुरीची हकिगत, शेवटी थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. ते अर्थात परत आलेलं होतं. पण गोष्ट तिथे थांबली नव्हती. परत आल्याचा निरोप देणाऱ्या मशीनलाही गुरुजींनी उत्तर लिहिलं होतं. आणि त्या मशीनला लिहिलेलं उत्तर कोणाकडे येतं ते गुरुजींना माहीत नव्हतं. ते बाईंच्याच पत्रांत येऊन पडलेलं होतं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं.

"महोदय, आपले पत्र मिळाले. आमचे पत्र आपण परत आणून दिलेत, आपणांस तसदी पडली, त्याबद्दल आभारी आहोत. श्रीमती नलिनीताई त्या पत्त्यावर नाहीत असे आपण कळवता. आपले सगळीकडे जाणे-येणे असते. कुठे आढळल्यास कृपया इतके सांगावे की वरवटला त्यांची वाट पाहतात. कळावे."

गुरुजींनी माझा दंड धरला. मी डोळे मिटून घेतले. त्या विधवेच्या वेळचं बाईंचं बोलणं मला आठवत होतं.

मग बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि टायपिंगचा आवाज यायला लागला, सावकाश, एकेक अक्षर बघून. तो थांबला आणि गुरुजींच्या खिशातला मोबाइल वाजला. गुरुजींनी तो लांब धरून वाचलं, मग मला दिला.

"श्री. काळे गुरुजी, आपले पत्र एक्सचेंजला मिळाले. अकोल्याची लाइन लागत नाही. प्रयत्न चालू आहे. कृपया फोन ठेवू नका. शेगाव."

बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. काळा चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, डोळ्याला हात न लावता, पदराने फक्त गाल पुसत होत्या.

गुरुजींनी घसा साफ केला. मोबाइल छातीशी धरून, नेहमीसारखं दाराबाहेरूनच, त्यांनी हळूच विचारलं, "बाई, याले उत्तर देऊ काय?"

"द्या," बाई म्हणाल्या.